नातेवाइकांनी बाहेर थांबावं

सरकारी दवाखान्यातल्या आमच्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंना रांगेतली माणसं 'थांबाबाई' म्हणतात. पेशंटच्या आधी नवरा किंवा सासू बोलायला लागली की बाई हात वर करतात, "थांबा. तुम्ही बाहेर बसा." मग पेशंटची भाषा जाणणारं कुणी येईपर्यंत रांग तुंबते आणि बोलणी मी खाते, कारण दुभाषी मीच. लहानपणी शेजारपाजारी खेळता खेळता तीन-चार भाषा आल्या. देवाने त्या अशा कामी लावल्या.

बाईंच्या बरोबरीच्यांनी स्वतःचे दवाखाने थाटले. बाई मात्र परमुलखातून पोटासाठी आलेल्या पेशंटांतच राहिल्या. एकदा डबा खाताना मी विचारलं, "तुम्हीच का इथे खितपत पडलात?"

"माझी थोरली बहीण लांब दिली होती. तिथली भाषा तिला येईना. डॉक्टरांकडे नेलं तर भावोजीच बोलले. ती म्हणाली होती, मला जगायचं नाही. भावोजींनी सांगितलं, हिचं डोकं दुखतं. सोबत गेलेल्या तिच्या नणंदेने नंतर आम्हाला सांगितलं."

"मग?"

"डोकेदुखीच्या गोळ्या मिळाल्या. तिने सगळ्या एकदम घेतल्या."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

गेल्या आठवड्यात शिलाई कारखान्यातली एक पोरगी आली, सोबत नवरा. "पोटात आग पडते म्हणते. गोळी द्या, मला कामावर जायचंय."

"थांबा. तुम्ही बाहेर बसा."

"अहो, माझी बायको आहे! मला कळत नाही?"

"कळत असेल. मला तिच्याकडून कळू दे."

तो दार आपटून गेला. पोरगी पदराचं टोक पिळत बसली. मग बाईंनी माझ्याकडून विचारलं, "आग पडली की काय करावंसं वाटतं?"

ती अगदी हळू बोलली. मला वाटलं, जरा सौम्य करून सांगावं; पोरीची अब्रू राहील. बाई माझ्याकडेच बघत होत्या. मनात देवाचं नाव घेतलं आणि शब्द न् शब्द सांगितला: "कारखान्याच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. झाकण मी काल काढून ठेवलंय."

बाईंनी तिला तिथल्या तिथे भरती करून घेतलं. टाकीपुरतं नवऱ्याला सांगायची तिची परवानगीही घेतली.

"आता लोक वेडी म्हणतील हिला!" तो व्हरांड्यात ओरडला. "टाकी-बिकी सगळी नाटकं आहेत!" रागारागाने त्याने कारखान्याच्या वॉचमनला फोन लावला, वर जाऊन बघायला सांगितलं आणि फोन कानाशी धरून उभा राहिला.

थोड्या वेळाने तो भिंतीला टेकत खाली बसला.

झाकण उघडंच होतं.