चंदनाआक्कांच्या जीपमधलं कांद्याचं पोतं

तर काल गोष्ट थांबवली तेव्हा पोतं चंदनाआक्कांच्या पाठीवर होतं, तिथनंच पुढं. निपाणीच्या आठवडी बाजारात भर दुपारी कांदेवाली मनुबाई घेरी येऊन पडलेली. रिक्षा मिळेना, म्हणून हवालदार चंदनाआक्कांनी पोलिसांची जीपच गर्दीत घातली आणि म्हातारीला मागच्या बाकावर निजवलं. तर ही बया डोळे मिटल्या मिटल्या म्हणते, "मेले तरी चालंल, पोतं सोडून म्या येत न्हाय!" आता करता काय? आक्कांनी खाकी सदऱ्यावरच पोतं पाठीवर घेतलं आणि जीपमध्ये लोटलं. नेमका तेव्हाच समोरच्या दुकानाच्या पायरीवरून फोटो निघाला.

फोटो काढणारे हरिभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सरळ, पण करडा. रस्त्यावरचा दिवा दिवसा जळताना दिसला तरी नगरपालिकेत अर्ज टाकणार. फोटोत मनुबाई नव्हतीच. जीप, खाकी पाठ आणि पोतं, बास. सरांनी तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "डिझेल आपल्या कराच्या पैशाचं, आणि हवालदारबाईंचा आठवड्याचा कांदा फुकट!" पोलीस म्हटल्यावर लोक पुरावा कुठं मागतात? सांजेपर्यंत फोटो पार बेळगावजवळच्या काकतीला पोचला.

काकतीला आक्कांची धाकटी बहीण, दिव्या. तिचा फोन आला तो हसतच.

"आक्का, कांदा कवापास्नं खायला लागलीस गं?"

"हस, हस. हितं बढतीवर आलंय माझ्या."

ते खरंच होतं. बावीस वर्षं नोकरी करून आक्कांचं नाव जमादाराच्या यादीत लागलेलं. ठाण्याच्या साहेबांनी बजावलं होतं, पुढच्या बाजारादिवशी नागरिकांची बैठक आहे, तिथं खुलासा पटला नाही तर नाव कटलं. आक्कांनी घडलेलं सगळं सांगितलं, पण साक्षीला कोण? मनुबाई आणि बघणाऱ्या बाया आपापल्या गावी पांगलेल्या. आणि ठाण्याची पायरी आपणहून कोण चढतंय?

"मग आम्ही कांदा शिवत न्हाय एवढं तरी सांग की," दिव्या म्हणाली.

"न्हाय सांगणार. घरातलं पाळणं चौकशीत कशाला मांडू? कांदा खाणारी असते तर चोर ठरले असते व्हय?"

बैठकीला शाळेचं सभागृह गच्च भरलं. बाजार सोडून भाजीवाल्या बायाही आल्या होत्या, टोपल्यांसकट. आक्का भिंतीला पाठ लावून उभ्या. हरिभाऊंनी उठून मजकूर खणखणीत वाचला. "फुकट कांदा" म्हटलं मात्र, मागनं मेथीवाली जयाबाई फिस्सकन हसली.

"काय झालं हसायला?" सर खवळले.

"अवो मास्तर, त्या जैनाच्या, नेमाच्या. घरात कांदा न्हाय, लसूण न्हाय. मेथीवर एक जुडी जास्त घातली तर परत टाकत्यात माझ्या टोपलीत! आळ घालायचा तर निदान भेंडीचा तरी घालायचा!"

सभागृह असं हसलं की खिडकीतली पाखरं उडाली. हसणं ओसरायच्या आत मनुबाई उठली, काठी टेकत.

"पोतं माझं हाय. म्या जीपमधी आडवी हुते. दवाखान्यात सलाईन संपस्तवर ही बाई माझ्या उशाला बसली, आन् पोतं दाराशी हुतं. एक कांदा कमी भरला न्हाय!"

हरिभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी. फोटो काढला, पण चार पावलं चालत जाऊन विचारलं नाही. हात जोडतो, बाई." टाळ्या पडल्या त्या पहिल्यांदा त्यांनाच. साहेबांनी यादी उचलून दाखवली. नाव तिथंच होतं आणि तिथंच राहणार होतं. आता टाळ्या थांबेचनात. बाया टोपल्या बडवायला लागल्या.

साहेब कानडी माणूस. हसून म्हणाले, "हेळम्मा, चंदना!" म्हणजे, बोल बाई, आता तुझी पाळी.

आक्का दोन पावलं पुढं आल्या. सरांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या:

"सर, जीप तुमच्याच पैशानं चालतीया, तवा इचारायचं सोडू नगा. फकस्त पुढच्या टायमाला फोटो काढून झाला की पोत्याचं दुसरं टोक धरा. लई जड हुतं!"