विहीणबाईंची गणितं

नात पहिलीत गेली आणि विहीणबाई माझ्या घरी राहायला आल्या. म्हणजे तशा त्या होत्या पळसदेवलाच, उजनीच्या पाण्याकाठी, त्यांच्या स्वतःच्या घरात. पण रोज संध्याकाळी सहा वाजले की बारामतीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्याच मोबाइलमधून, माझ्याच दिवाणावर, माझ्याच नातीच्या शेजारी येऊन बसायच्या. मोबाइल इतका जवळ धरायच्या की निम्मा वेळ त्यांचं नाकच दिसायचं. नातीला ते नाकही गोड वाटायचं.

निमित्त होतं बेरजेच्या शाब्दिक उदाहरणांचं. नुसते आकडे एकाखाली एक मांडून दिले तर नात झटक्यात बेरीज करायची. पण ‘झाडावर चार पक्षी होते, आणखी दोन आले’ असं वाक्य समोर आलं की पेन्सिल चावत बसायची. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, त्यांना घरी यायला साडेसात होतात. म्हणून सुनेनंच हे ठरवलं की तिच्या आईनं फोनवरून सराव घ्यायचा. विहीणबाईंनी गावात वर्षानुवर्षं अंगणवाडी चालवलेली. लहान पोरांना शिकवणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. मी पडले स्वयंपाक करणारी, त्यामुळे मला विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. बेरीज मलाही येते, हे आधीच सांगून ठेवते.

मी स्वयंपाकघरात पीठ मळत ऐकायची. विहीणबाईंची गणितं म्हणजे गोष्टीच असायच्या. ‘उजनीचं पाणी उतरलं आन् जुनं देऊळ उघडं पडलं. देवळाच्या पायरीवर पाच बगळे बसल्यात, अजून तीन आलं. किती झालं गं?’ की नात हरखून ओरडायची, ‘आठ!’ दुसऱ्या दिवशी शेळीला दोन करडं, शेजारच्या शेळीला एक. तिसऱ्या दिवशी आजोबांच्या जाळ्यात मासे. बगळे, करडं, मासे, आजोबा, झालंच तर ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, सगळ्यांना त्या गणितांत जागा होती. नव्हती ती फक्त मला. पोरीची वेणी मी घालते, डबा मी भरते, शाळेच्या गाडीसाठी गुडघे दुखत असताना तीन जिने मी उतरते. माझं एवढंच मागणं होतं, की तिच्या एखाद्या गणितात मी असावं.

तर एकदा विहीणबाईंनी मला घेतलं. म्हणाल्या, ‘तुझ्या बारामतीच्या आजीला गुडघ्यासाठी सकाळी दोन गोळ्या घ्याव्या लागत्यात आन् रातच्याला एक. तर दिवसाला किती?’ नात तीन म्हणाली आणि पलीकडून शाबासकी मिळाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पळसदेवची आजी म्हटलं की करडं आणि बगळे, आणि बारामतीची आजी म्हटलं की गोळ्या! त्या संध्याकाळी पिठलं इतकं तिखट झालं की मुलगा पाणी पीत सुटला. का, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग मीही ठरवलं. एका दुपारी मोबाइल चार्जिंगला लावायचा मुद्दामच राहिला. सहा वाजता तो बंद. नात हिरमुसली. मी म्हटलं, ‘ये, मी घालते गणित. एका पिशवीत सहा वांगी हायती, दुसऱ्या पिशवीत तीन. एकूण वांगी किती?’

‘नऊ,’ ती म्हणाली आणि वाट बघत बसली. मग विचारलं, ‘पुढं काय झालं?’

‘पुढं काय व्हायचंय? भाजी झाली.’

‘बगळे नाही आले?’

आता बारामतीच्या मंडईत वांग्यांवर बगळे कुठून आणू? तिनं माझ्याकडे अशा काही दयेनं बघितलं की मी निमूटपणे उठले आणि मोबाइल चार्जिंगला लावला. तेव्हापासून विहीणबाईंचा आवाज आला की मी परातीत भाकरी थापायला घ्यायची. थापण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, ते एक बरं.

नातीसाठी मी ज्वारीच्या छोट्या भाकरी करते, आमच्यात त्यांना चानक्या म्हणतात. दोन खाल्ल्या की ती म्हणते, ‘अजून एक.’ मी दोन ठेवते. ताटात तीन कधी वाढायच्या नाहीत, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात तीन भाकरींचं ताट कुणी पाहिलेलं नाही. नात एक खाते आणि उरलेली चौथी गपचूप माझ्या ताटात सरकवते.

दिवाळीच्या आधी शाळेत बेरजेची चाचणी झाली. पेपर घरी आला, तेव्हा सून नुकतीच दमून आली होती. सगळी उदाहरणं बरोबर. पक्षी बरोबर, फुगे बरोबर, बसमध्ये चढलेली माणसंसुद्धा बरोबर. फक्त एका उदाहरणावर लाल फुली. सुनेनं मोठ्यानं वाचलं, ‘ताटात दोन भाकरी होत्या. आजीने आणखी एक वाढली. आता ताटात किती भाकरी?’ खाली नातीनं ठसठशीत आकड्यात लिहिलं होतं, चार.

‘अगं, दोन आणि एक किती?’ सून कातावली.

‘तीन.’

‘मग चार का लिहिलंस?’

नातीनं आईकडे, मग माझ्याकडे बघितलं. ‘आजी एक वाढतच नाही. ती दोन वाढते. तीन झाल्या तर चालत नाही.’

मी तिथंच दिवाणावर बसले. पोरीच्या अख्ख्या पेपरात एकच चूक, आणि ती माझी होती. बाकीची सगळी बरोबर उत्तरं विहीणबाईंची. मला त्यांतलं एकही नको होतं. त्या लाल फुलीवरून मी हळूच बोट फिरवलं. सुनेनं ते बघितलं की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात सहाचा राहिलेला फोन आला. पेपरात किती मार्क पडले, हे विचारायला नाक हजर. सुनेनं सगळा प्रकार सांगितला. विहीणबाई घाईघाईनं म्हणाल्या, ‘अगं, मग बराबरच हाय की पोरीचं. आमच्यातबी तीन न्हाय वाढत! सुट्टीला हितं आल्यावर बघितलं असंल तिनं.’

म्हणजे बाईंना चूकसुद्धा स्वतःकडे हवी होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नातच म्हणाली, ‘पण तुझ्याकडे मी मासे आणि भातच खाते. भाकरी आजीच्या हातचीच खाते.’

पलीकडचं नाक जरा मागं सरकलं. पहिल्यांदाच विहीणबाईंचा अख्खा चेहरा दिसला, आणि तो अगदी माझ्यासारखा झाला होता. पीठ मळताना मी रोज जसं तोंड करायची, अगदी तस्सं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मस्त वाटलं.

फोन ठेवल्यावर सून मला म्हणाली, ‘आत्या, परीक्षेपर्यंत तरी तिला तीन वाढत जा. नाहीतर परत चुकेल ती.’

‘न्हाय वाढणार,’ मी म्हटलं. ‘गणिताला पळसदेवची आजी हाय की. ताट माझ्याकडं हाय.’

आणि जेवताना नातीनं ‘अजून एक’ म्हटलं, तेव्हा मी दोन वाढल्या.