सासूबाईंची तिकोनी शाल

माझ्या सासूबाईंनी जन्मभर विणकामाचा क्लास चालवला आणि त्या क्लासात कौतुक म्हणजे उंबराचं फूल. ओळ चुकली की एकच निकाल: "उसव." रडलीस तरी उसव, रुसलीस तरी उसव. लग्नानंतर मी हौसेने विणायला बसले, तर माझ्या अर्ध्या स्वेटरचा परत लोकरीचा गुंडा झाला. मनातल्या मनात मी त्यांना फौजदार म्हणायचे.

मग त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. ती परत येईल का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून राहायच्या. ज्या तोंडाच्या पट्ट्याला मी इतकी वर्षं वैतागले, तो थांबल्यावर घर खायला उठलं.

टोपलीत त्यांची अर्धवट तिकोनी शाल पडली होती. एक दिवस मामंजींनी ती उचलली. माणूस बस चालवून निवृत्त झालेला. साधा टाका मीच शिकवला. दुपारभर ते सासूबाईंसमोर बसून विणायचे. अशी शाल खालच्या टोकापासून सुरू होते. दर ओळीला दोन्ही कडांना टाका वाढवायचा, आणि शेवटी मानेपाशी थोडे टाके घटवून गोलाई द्यायची, म्हणजे ती खांद्यावरून घसरत नाही. वाढवण्याचं मामंजींना ठाऊक नव्हतं आणि सांगायचं मला सुचलं नाही. ते आपले नाकासमोर विणत गेले. त्रिकोणाच्या डोक्यावर सरळ पट्टा चढला.

"बघ, कशी झालीय?" त्यांनी शाल अभिमानाने सासूबाईंसमोर धरली.

सासूबाईंचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडे झाले. पुन्हा झटका आला वाटून मी धावले.

"उ... उसवा."

मामंजी पुढे वाकले.

"काय म्हणालीस?"

"उसवा." या वेळी शब्द खणखणीत होता.

"सगळं?"

"सगळं."

मामंजी खाली बसले आणि धागा ओढू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मी समोर बसून लोकर गुंडाळत होते. तेवढ्यात सासूबाईंची नजर माझ्या हातांवर आली.

"सैल," त्या म्हणाल्या. "सैल गुंडाळ."

"हो आई," मी म्हटलं. बोलणी खाऊन पोट भरलं, असं पहिल्यांदाच झालं.