मागं न बघता सोडलेला पंचा

नव्वदच्या दशकात साताऱ्याच्या स्टँडवर संध्याकाळची कोरेगावची एसटी लागली, की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची झुंबड उडायची. रोजच्या आम्हा प्रवाशांत एक मिशाळ माजी सैनिक होता. चार वर्षं सोबत गेलो, पण त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लेहला गोठलेल्या तळ्यावर तो आइस हॉकी, म्हणजे चेंडूऐवजी चकतीनं खेळायची हॉकी, खेळला होता आणि ती सगळी विद्या त्यानं एसटीवर खर्च केली.

"आवं, चकती माज्याकडंच हाय असं त्येंना वाटलं पायजे," तो मला शिकवायचा. "समदी माज्या अंगावर आली की मी ती मागं सोडणार. तुमी मागनं येऊन गोल मारायचा. मी मागं बघणार न्हाई. बघितलं की डाव फुटतो."

चकती म्हणजे त्याचा तांबडा पंचा. तो नाचवत, "सरका, सरका!" ओरडत गडी दाराकडं असा सुटायचा, की गर्दी त्यालाच अडवायला धावायची. तेवढ्यात पंचा मागं पडायचा आणि मी तो उचलून खिडकीतून बाकावर टाकायचो.

एकदा मी भज्यांच्या गाड्यापाशी रेंगाळलो. पंचा नेहमीसारखा मागं पडला. तो एका जाडजूड गुरुजींनी उचलला, खिडकीतून आत टाकला आणि ते सपत्नीक स्थानापन्न झाले. खेळाचा गंध नसताना पहिल्याच फटक्यात गोल!

कोरेगावपर्यंत आम्ही दांड्याला लोंबकळलो.

"आवं, एकदा तरी मागं बघायचं!" मी म्हणालो.

माझ्या कागदातलं शेवटचं भजं उचलत तो म्हणाला, "पास बराबर व्हता. गडी भजी खात व्हता."