सत्काराच्या यादीची दुसरी विंडो

आमच्या मंडळात माणूस रक्तबंबाळ झाला तो सत्काराच्या यादीवरून, आणि त्याला कारण मी होतो. नारळ मात्र मी मारला नाही.

हुबळीतल्या आमच्या मंडळाचा वर्धापनदिन म्हणजे तीन तास सत्कार आणि वेळ उरला तर गाणी. शाल, श्रीफळ, वेलचीचा हार. कुणाला कुणाआधी बोलवायचं यावर महिनाभर बैठका चालत. यादी संगणकावर ठेवायचे आमचे चिटणीस, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. बावीस वर्षं त्यांनी ती केली, स्वतःचं नाव एकदाही घातलं नाही. अनुक्रमांक आम्ही टाकत नसू. टाकला की भांडणं होत. यादी मंजूर झाली की अध्यक्ष, म्हणजे आमचे अप्पा, हुकूम काढत: फाइल उघडून बघा, पण सेव्ह कुणी करायची नाही.

मंजुरीच्या आदल्या दिवशी मी सप्तापूरहून मास्तरांच्या मदतीला गेलो होतो. वरची आणि खालची नावं एकदम दिसावीत म्हणून त्याच फाइलची दुसरी विंडो उघडली आणि तशीच सेव्ह करून घरी आलो. तेव्हापासून फाइल उघडली की दोन विंडो येत, एकीच्या नावापुढे एक, दुसरीच्या पुढे दोन. मास्तर दुसरी बंद करत, हुकमाप्रमाणे सेव्ह न करता फाइल मिटत. पुढच्या वेळी दोन्ही पुन्हा हजर.

रविवारी सकाळी मी मास्तरांपाशी बसलो असताना अप्पा देशपांडे नगरातल्या मंडळाच्या कचेरीत आले, आपलं नाव पहिलं आहे ना ते बघायला. रोजच बघत. त्या दिवशी मास्तरांनी बंद करायच्या आत समोर दुसरी विंडो आली. तिच्यात यादी खाली सरकलेली; मथळ्याची ओळ जागेवर, आणि तिच्याखाली थेट अप्पांचे साडू, जणू पहिलं नाव त्यांचंच. त्या दोघांत सात वर्षं बोलणं नव्हतं.

"मास्तर, ही दुसरी यादी कुणाची?"

"एकच आहे हो अप्पा. दोनदा उघडतीय."

"मला शिकवता? एक मला दाखवायला, एक स्टेजवर वाचायला! साडूकडं जेवायला कितींदा गेलात?"

"बघा की हो, दाखवतो..."

मास्तर माउस धरायला वाकले. अप्पांनी कानशिलात मारली. चष्मा भिंतीवर फुटला. मास्तर सावरेपर्यंत अप्पांनी शेजारच्या पोत्यातला नारळ उचलून त्यांच्या कपाळावर हाणला. मास्तर कीबोर्डवर पडले, तिथून जमिनीवर. वर एक लाथ बसली. मी मधे घुसलो, तर कोपर माझ्या छातीत.

"अप्पा, नोड्री! बघा इकडं!" मी ओरडलो. रक्ताळलेल्या कीबोर्डवर पहिल्या विंडोत साडूंच्या नावापुढे एक टिंब टाकलं. दुसऱ्या विंडोतही ते त्याच क्षणी उमटलं. खोडलं, तिथूनही गेलं.

अप्पांनी वाकून दोन्ही विंडो पाहिल्या. मग जमिनीवरच्या मास्तरांना म्हणाले, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

मी दुसरी विंडो बंद केली.

"सेव्ह नको," मास्तर खालून, भुवईवर टॉवेल दाबून म्हणाले. "अप्पांचा हुकूम आहे."

मी सेव्ह केलं. फाइल मिटून उघडली. एकच विंडो आली.

दवाखान्यात टाके पडताना मी कबूल केलं, की ती विंडो माझी. मास्तर म्हणाले, "अप्पांना सांगू नका. पोत्यात अजून बरेच नारळ आहेत."

अप्पांनी माफी मागितली नाही. त्यांनी मास्तरांचं नाव यादीत पहिलं घालायला लावलं. त्यांच्या लेखी हिशेब मिटला.

वर्धापनदिनाला अप्पांनी मास्तरांना हार घातला, शाल पांघरली, मग तबकातला नारळ उचलला. मास्तरांचे दोन्ही हात झटकन डोक्यावर गेले. ते खाली वाकले, शाल पायाशी पडली. अप्पा नारळ धरून उभेच राहिले. शेवटी मी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला.