सिदूची बोटं आणि ऊन पाणी

कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. ती रेशमावानी मऊ असती आणि खालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ. तिथं कातर चालवायला हलका हात लागतो. डोंगराखालच्या त्या धनगरवस्तीत तीस वर्षं हा मान सिदूचा होता. गेल्या साली त्याची बोटं आखडली आणि चुलतभाऊ अंगदच्या कोकराच्या पोटाला कातर लागली. कोकरू जगलं. पण यंदा दिवाळी होऊन पंधरवडा उलटला, कातरणी तोंडावर आली, तरी सिदूला बोलवायला कुणीच आलं न्हाई.

"आवं, वर तळ्याच्या कडंला ऊन पाण्याचा झरा हाय," त्याची बायको रतनबाई म्हणाली. "चला तितं."

"पाटोद्याच्या डागदरच्या गोळ्या खाऊन सुटली न्हाईत बोटं, पाण्यानं सुटत्यात व्हय?"

"न्हाई सुटली तर आंगूळ तरी हुईल. चार दिस झालं, पाण्याला शिवला न्हाई तुमी."

दोन तासांची चढण. दोन डोंगरांच्या बेचक्यात तळं निवांत पडलेलं, आणि त्याच्या काठाला काळ्या खडकातून वाफाळतं पाणी बुडबुडत होतं. वास काडेपेटीचा. सिदूनं हात घातला आणि चटक्यानं आई आठवली.

"ठिवा, ठिवा," रतनबाई म्हणाली. "वरडायला बाळंतीण न्हाई तुमी."

दोन चिलमी ओढून होतील एवढ्या वेळानं करंगळी हलली. मग बाकीची. रतनबाईनं न सांगता आणलेली कातर गाठोड्यातून काढली. सिदूनं हातात धरली आणि तिच्याच घोंगडीच्या दशा सरळ रेषेत कापून टाकल्या.

"माजी घोंगडी कावून कापता!" ती ओरडली, पण हसत होती.

उतरताना निम्म्या वाटेतच बोटं पुन्हा वाकडी झाली. सिदू दगडावर बसला.

"पाणी काय खाली येत न्हाई," तो म्हणाला. "कोकरंच वर न्यायला पायजेत."

तसाच उठून तो अंगदच्या दारात गेला. स्वतःहून जाणं त्याला लई जड गेलं.

"नाना, कोकरं डोंगरावर न्यायची?" अंगद म्हणाला. "येडे झाले का तुमी?"

"एकच आण बे. गेल्या साली ज्याला लागलं, त्याच्याच आईचं यंदाचं पिल्लू आण. हात चुकला तर पुन्ना कातर धरणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी अंगद कोकरू खांद्यावर टाकून वर आला आणि धुवायला थेट झऱ्यातच बुचकळू लागला.

"आरं ये! ऊन पाण्यानं लोकरीचा गोळा हुईल! तळ्यात धू!" सिदू ओरडला.

कोकरू उन्हात वाळेपर्यंत दुपार झाली. मग सिदू बसला. हात पाण्यात, चार वेळा कातर, पुन्हा हात पाण्यात. एरवी घटकाभराचं काम दिवस कलेपर्यंत चाललं. पोटापाशी आला तेव्हा अंगदनं कोकराचे पाय घट्ट धरले. रतनबाई तळ्याकडं तोंड करून बसली. सिदूनं पुन्हा बोटं शेकली आणि कातर आडवी धरली.

जावळ अख्खं, एका पदरात उतरलं. अंगदनं कोकराचं पोट उलटसुलट चाचपलं. ओरखडासुद्धा न्हाई.

"उद्या धा आणू का, नाना?"

"दोनच आण. पाणी आटत न्हाई, मी आटतो."

अंगद कोकरू घेऊन उतरला. सिदूनं जावळाची एक चिमूट झऱ्याकडंच्या दगडाखाली ठेवली आणि हात जोडले. तळव्याला तळवा, बोटाला बोट नीट लागलं. वर्षभरात पहिल्यांदाच. मग तो तसाच वळला आणि रतनबाईपुढंही हात जोडून उभा राहिला.

"हे काय नवीनच?" ती म्हणाली.

"बोटं सरळ हायती तवर उरकून घेतो."