शेवटच्या कडव्यातलं नाव

माझ्या मावसभावासारखा गळा साऱ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका आपल्याच गळ्याच्या मुळावर उठलेला माणूसही दुसरा नव्हता. कार्यक्रमाआधी गाणारे लोक ज्येष्ठमध चघळतात, कोमट पाणी पितात. हा पठ्ठ्या उमरग्याला हायवेवर दिवसभर ट्रकच्या बॉडीचं वेल्डिंग करायचा, तिथला धूर गिळून तसाच मांडवात यायचा, वर प्लेटभर मिरचीची भजी हाणायचा आणि मग माइकसमोर उभा राहायचा. ढोलकीवर मी. काळजी करून करून माझा घसा कोरडा पडायचा आणि याचा पहिला सूर असा लागायचा की आचारी झारा हातात धरून बाहेर येत.

माइक लागला की लोक ‘हॅलो, हॅलो’ करतात. हा समोरच्या बायकांना विचारायचा, “आक्का, गुडघा कसा हाय आता?” आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. मांडवातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला पुढं खुर्ची मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्याचा दुसरा नेम. सास्तूरच्या एका लग्नात या नेमापायी नवऱ्या मुलाची आजी आणि नवरीची आजी समोरासमोर आल्या. दोघीही खुर्चीकडं बोट दाखवून “तीच थोरली, तिलाच बसवा” म्हणू लागल्या. पहिली पंगत उठली तरी गाणं सुरू होईना. शेवटी दोन खुर्च्या आल्या आणि दोघी एकमेकींकडं पाठ करून बसल्या. ‘वन्स मोअर’ मात्र त्यानं जन्मात कुणाला दिला नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला मोठमोठ्या पाहुण्यांनी आग्रह केला तरी हा हात जोडायचा. “म्या शिळं वाढत न्हाय. घरी जाऊन तुमीच म्हणा.”

आता खरी तक्रार. आमच्याकडं गाणं रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवायचं असतं. गाणं कुणाचं, हे पुढच्यांना त्यावरून कळतं. हा त्या जागी ज्याच्या घरी जेवला त्याचं नाव घालायचा. आईवर रचलेलं त्याचं एक गाणं होतं. बेंबळीच्या रानात दुसऱ्यांच्या बांधावर खुरपणी करून तिनं याला वाढवलं, ते सगळं त्यात होतं. शेवटची ओळ अशी, ‘अमका म्हणे, मायच्या हाताला ओल्या मातीचा वास’. हा अमका एका गावात नवरदेवाचा बाप, दुसऱ्या गावात चहावाला, एकदा तर आम्हाला नेणारा जीपवाला. मी शाळेत लिपिक. कागदाच्या तळाशी सही नसेल तर मला जेवण जात नाही. मी त्याला किती वेळा समजावलं असेल! तो म्हणायचा, “दादा, त्याचं नाव घातलं की तो गाणं पाठ करतो. माझं घातलं तर मलाच पाठ करावं लागंल.” त्याची आई, माझी मावशीही कुरकुरायची, “साऱ्या दुनियेची नावं घेतो, सोताचं घ्यायला काय धाड भरली याला?”

पस्तिशीही गाठली नव्हती त्यानं. काविळीचं निमित्त झालं. दवाखान्यात भेटायला गेलो तर डोळे हळदीसारखे, आवाज उतरलेला, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला हळूच गाणं शिकवत होता. शेवटच्या ओळीत त्या म्हाताऱ्याचं नाव. माझं डोकं फिरलं. “निदान आता तरी तुझं नाव घाल,” मी म्हणालो. ‘आता तरी’ हे शब्द तोंडून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलून बसलो. तो हसला. “तू घाल की तुझं. ढोलकी तुझीच हाय.” मी रागानं उठून आलो. ती आमची शेवटची भेट. तो राग मला आजही माझ्यावरच काढावासा वाटतो.

तो गेल्यावर मी वही घेऊन गावोगाव निघालो. सगळी गाणी गोळा करायची आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याचं नाव लिहायचं, असा माझा निश्चय. उमरग्याचा चहावाला म्हणाला, “हे तर आमचं गाणं.” जीपवालाही तेच म्हणाला. मी वहीतून त्यांची नावं खोडत गेलो. सास्तूरला त्या दोन खुर्च्यांच्या लग्नघरी गेलो, तर नवरदेवाचा बाप मागल्या वर्षीच वारलेला. त्याची बायको ज्वारी निवडता निवडता आईचं सगळं गाणं म्हणून गेली, एक शब्द न चुकता. शेवटी नवऱ्याचं नाव आलं तशी थांबली. “माझ्या मालकाचं गाणं हाय हे, भाऊ. एरवी त्यांचं नाव कोण घेतंय आता?” माझं पेन वहीवर टेकलेलं होतं. ते नाव खोडायची माझी छाती झाली नाही. मी वही मिटली आणि तिनं दिलेला चहा पिऊन निघालो.

पहिल्या स्मृतिदिनाला बेंबळीत बुद्धवंदना झाली, आणि लोक मला म्हणाले, आईचं गाणं तुम्हीच म्हणा. माझा आवाज म्हणजे गंजलेल्या फाटकाची करकर. तरी मी ढोलकी पुढं ओढली. आधी मावशीला पुढं खुर्ची दिली, कारण मांडवात थोरली तीच होती. कडव्यामागून कडवं बसत्या घशानं रेटत मी शेवटच्या ओळीशी आलो. गावोगावच्या सगळ्या नावांमधून एक नाव निवडायचं होतं. मावशीच्या घरी मी कितीदा जेवलो होतो, पण त्या घरचं नाव त्या गाण्यात कधी आलं नव्हतं. मी माझ्या भावाचं नाव घेतलं. माझा सूर फाटला, पण नाव स्वच्छ आलं.

मावशीनं पदरानं तोंड पुसलं, खुर्चीत पुढं सरकली आणि म्हणाली, “परत घे. त्याचं नाव परत घे.”

त्यानं जन्मात कुणाला दिला नाही तो वन्स मोअर मी मावशीला दिला. ती मान हलवत होती, आणि पुरे म्हणत नव्हती.